अडीच गावांची मालकीण

मी कुठे शिकले असं कोणी विचारलं, की मी कॉलेजचं नाव सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. आधी तो कान पुढे करतो, मग ‘अच्छा, अच्छा’ म्हणतो आणि शेवटी चाचरत विचारतो, म्हणजे त्या अमक्या मोठ्या युनिव्हर्सिटीच्या जवळ का? नाही, मी म्हणते, कशाच्याच जवळ नाही, मक्याच्या शेतांच्या मधोमध आहे. माझे केस पिकले, जिना चढताना गुडघे कुरकुरतात, पण हा खेळ खेळायचा मला अजून कंटाळा आलेला नाही. इथे मात्र ते नाव मी मुद्दाम लिहिणार नाही. लिहिलं तर वाचणारा आधी त्याचा नंबर कितवा लागतो ते शोधायला जाईल. नाव आणि नंबर यांच्यापायी आमच्या घरात एका चैत्रात जे झालं, तेच तर मला सांगायचं आहे.

आम्ही उत्तरेकडच्या एका जुन्या मराठी संस्थानाच्या शहरात, लष्कर नावाच्या भागात, नई सडकेच्या मागच्या गल्लीत, साड्यांच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. आई साड्यांना फॉल-पिको करायची. सकाळी खालून गठ्ठा वर यायचा, संध्याकाळी घडी घालून खाली जायचा, आणि मधल्या वेळात तिच्या मशीनची घरघर चालू असायची. मी पाढे त्या आवाजात पाठ केले, भूमिती त्याच आवाजात सोडवली. मशीन थांबलं की मला उलट अभ्यास सुचायचा नाही. बाबा गोरखीजवळच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. त्यांच्या प्रत्येक शर्टाला ॲसिडची बारीक भोकं असायची आणि आई ती जुळत्या रंगाच्या धाग्याने इतकी सफाईने रफू करायची, की बाबांना नवा शर्ट घ्यायचं निमित्तच मिळायचं नाही. सकाळी पोहे, त्यावर भरपूर शेव. रविवारी बाबा कोपऱ्यावरून डाळ भरलेली बेडई आणि जिलबी आणायचे. गोडा मसाला आई घरी करायची, आणि तो भाजायच्या दिवशी खालचे शेटजी शिंकत शिंकत वर बघून ओरडायचे, ‘भाभीजी, आज तो मार ही डालोगी!’ आम्ही घरात मराठी बोलायचो, पण भांडण तापलं की आपोआप हिंदीत घसरायचो. मराठीत भांडायला आम्हाला शब्दच पुरत नसत.

आमच्या घराण्याचा कर्ता माणूस म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, नानाकाका. महसूल खात्यातून निवृत्त झालेले, उंच, इस्त्रीचा सदरा, खिशाला शाईचं पेन. लष्करातल्या अर्ध्या मराठी घरांचे फॉर्म तेच भरायचे. पेन्शन असो, रेशनकार्ड असो, मुलीचं स्थळ असो, कागद घेऊन माणूस त्यांच्याकडे यायचा आणि ते आधी हात धुऊन मग लिहायला बसायचे. अक्षर असं, की कारकुनाने फॉर्म परत करायच्या आधी दोनदा विचार करावा. विशेषतः मुलींचे बायोडेटा हा त्यांचा हातखंडा होता. कोणाचंही घर लहान दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. भाड्याचं घर असेल तर ‘लष्करात मध्यवर्ती वास्तव्य’, नोकरी सुटली असेल तर ‘स्वतंत्र व्यवसाय’. आणि आमच्या घराण्याचा बायोडेटा असेल तर पहिली ओळ ठरलेली: दक्षिणेत अडीच गावांची जहागीर, दसऱ्याच्या दरबारात उजव्या हाताला बसण्याचा मान.

ही अडीच गावं साताऱ्याकडे कुठेतरी होती. त्यांची सनद काकांकडे लाल कापडात गुंडाळून ठेवलेली असायची आणि गुढीपाडव्याला, पंचांगवाचन झालं की, ती चौरंगावर ठेवून तिला हळदकुंकू वाहून तिचं वाचन व्हायचं. लिपी मोडी, ती आमच्यात कोणालाच येत नव्हती, काकांनाही नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांच्याकडून पाठ करून घेतलेली होती, ती ते कागदाकडे बघत म्हणायचे. लहानपणी मला ते ऐकताना अंगावर काटा यायचा. शाळेत मुली कूलरच्या, गाडीच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी मनात म्हणायची, तुमच्याकडे कूलर असेल, माझी गावं आहेत. अर्धं गाव कसं असतं हे मी एकदा बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘नानांना विचार.’ बाबांचं बहुतेक प्रश्नांना हेच उत्तर असायचं.

अमेरिकेत शिकायला जायचं खूळ माझ्या डोक्यात कोणी घातलं नाही, ते माझं मीच घातलं. बाहेरच्या देशातल्या मुलांनाही काही कॉलेजं पूर्ण खर्च देतात, असं मी शाळेच्या कॉम्प्युटरवर वाचलं आणि त्यानंतर वर्षभर दुसरं काही वाचलं नाही. इंटरनेटवर भेटणारी शहाणी मुलं सांगायची, यादी कर: चार स्वप्नातली कॉलेजं, तीन बरोबरीची आणि एक सेफ्टी. हे सेफ्टी प्रकरण मी आईला समजावलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे हातचा एक ठेवायचा.’ अगदी तसंच. माझा हातचा म्हणजे ते मक्यातलं कॉलेज. त्यांनी अर्जाची फी माफ केली होती आणि निबंधाला विषय दिला होता, तुमच्या घरातला एखादा आवाज. बाकीच्यांसाठी मी नेतृत्व, स्वप्नं, जगाचं भलं वगैरे घासून घासून लिहिलं. ह्यांच्यासाठी एका दुपारी आईच्या मशीनवर दोन पानं लिहून टाकली आणि विसरून गेले.

आता झालेल्या चुकीची गोष्ट. आर्थिक मदतीचा एकच लांबलचक फॉर्म सगळ्या कॉलेजांना जायचा होता. तो कोणी भरायचा, हा आमच्या घरात प्रश्नच नव्हता. मी त्याची पानं छापून काकांकडे नेली, त्यांनी हात धुतले आणि तीन दिवस लावून तो भरला. बाबांचा पगार खरा लिहिला, कारण तो सरकारी आकडा होता. पण ‘कुटुंबाचा जमीन-जुमला’ असा रकाना आला तेव्हा काकांनी अडीच गावं लिहिली. शेजारी किंमत विचारली होती, तीही त्यांनी एकराला आजचा भाव लावून काढली. शेवटी ‘आणखी काही सांगायचं असल्यास’ अशी चौकट होती, तिथे दरबारातला उजवा हात आला. त्यांच्या लेखी हे माझं स्थळच होतं, आणि वरपक्ष अमेरिकेतला होता म्हणून त्यांनी अक्षर जरा जास्तच वळणदार काढलं होतं.

काकांना दोष देऊन मोकळं व्हायची सोय मला नाही. ती पानं बघून सगळा फॉर्म मी स्वतः टाइप केला. अडीच गावं माझ्या बोटांनी लिहिली. आणि ती लिहिताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही, उलट छाती फुगली. मदत मागताना आपण श्रीमंत दिसू नये, एवढी साधी गोष्ट वर्षभर वाचून दिवे लावलेल्या माझ्या डोक्यात आली नाही. आजही हे आठवलं की मला स्वतःचा राग येतो, आणि त्याखाली थोडं हसूही येतं.

मार्चमध्ये उत्तरं आली. सहा ठिकाणी नकार. सातवं कॉलेज म्हणजे ज्याचं नाव आमच्या गल्लीतल्या कचोरीवाल्यानेही ऐकलेलं असेल असं. त्याने प्रवेश दिला, पण मदत शून्य. आपल्या कुटुंबाची मालमत्ता पाहता आपल्याला मदतीची गरज दिसत नाही, असं त्यांनी अतिशय गोड भाषेत कळवलं. तेव्हा मला काय झालं होतं ते कळलं. मी त्यांना चूक सांगणारी ईमेल पाठवली. परदेशी मुलांसाठीचा निधी वाटून संपला, निर्णय बदलता येत नाही, असं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आणि त्याच आठवड्यात मक्यातल्या कॉलेजच्या मदत विभागातल्या एका बाईंची ईमेल आली. त्यांनी लिहिलं होतं, तुझा निबंध मी वाचला आणि तुझा फॉर्मही वाचला. ज्या घरात आई दिवसभर दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावते, त्या घराकडे अडीच गावं कशी, हे मला जुळवता येत नाही. आमचा काही गैरसमज होत असेल तर खरी परिस्थिती लिहून, आईवडील दोघांच्या सह्या घेऊन, दहा दिवसांत पाठव.

मी ती ईमेल बाबांना वाचून दाखवली. ते शर्टावरचं रफू चाचपत म्हणाले, ‘नानांना विचारू.’

तीन दिवसांनी पाडवा होता. काकांच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली होती. गुढी उभारून झाली, कडुनिंब खाऊन झाला, स्वयंपाकघरात काकू आणि आई पुऱ्या लाटत होत्या आणि श्रीखंडाचं पातेलं झाकून ठेवलेलं होतं. सनदेचं वाचन झालं. मग काका माझ्याकडे वळून सगळ्यांना म्हणाले, ‘आपल्या अनूला अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या कॉलेजनं घेतलं आहे. आता इतक्या लांब मुलीला एकटं पाठवणं आपल्याला पटत नाही, तेव्हा ती इथेच बी.एस्सी. करेल. पण घेतलं आहे, हे महत्त्वाचं.’ लोकांनी वा वा केलं. कोणीतरी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सगळं किती व्यवस्थित बसवलं होतं त्यांनी! घराण्याचं नाव राहिलं, जहागीर राहिली, फक्त मी कुठे जाणार नव्हते.

‘काका,’ मी म्हटलं, ‘मला दुसऱ्या एका कॉलेजनं पत्र मागितलं आहे. आईबाबांच्या सह्या हव्या आहेत.’

‘कोणतं कॉलेज?’

मी नाव सांगितलं.

‘हे नाव तर कधी ऐकलं नाही. बाड्याच्या चौकात कोणी विचारलं तर मी काय सांगू? आणि पत्र कसलं?’

मी ओढणीत धरलेला कागद काढला. मी लिहून आणलेलं पत्र इंग्रजीत होतं. जमलेल्या सगळ्यांना कळावं म्हणून मी ते मराठीत वाचायला लागले. आवाज चांगला निघाला. ‘आमच्या कुटुंबाकडे कुठेही जमीन नाही. आमच्या पूर्वजांकडे अडीच गावं होती असं आम्ही ऐकत आलो आहोत. आज ती आमची नाहीत. आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो. माझे वडील शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहेत. माझी आई साड्यांना फॉल लावते.’

‘बस कर, अनू,’ काका म्हणाले.

‘अजून दोन ओळी आहेत. फॉर्ममधली माहिती मी टाइप केली, ती चूक माझी आहे. मदत मिळाली नाही तर मला शिकायला येता येणार नाही.’

पुऱ्या तळायचा आवाज थांबला होता. काकांचा चेहरा लाल झाला. ‘अपनी इज्जत अपने हाथ से लिखके दे दें? अगं, आजवर या घरातल्या कोणी असं लिहून दिलं नाही. भिकारी आहोत का आपण?’

‘भिकारी नाही. पण जहागीरदार तरी कुठे आहोत, काका?’ मी म्हटलं. ‘मला त्या गावांचं एक ढेकूळ तरी दाखवा, मी हे पत्र आत्ता फाडून टाकते.’

आमच्या घरात थोरल्यांशी असं कोणी बोलत नसे. आता बाबा मला गप्प बसवतील, असं मला वाटलं. बाबा बसल्या जागेवरून म्हणाले, ‘नाना, तुम्ही नोकरीत असताना एकदा तिकडे गेला होता न?’

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. ‘गेलो होतो.’

‘मग?’

‘मग काय. तलाठ्यानं चहा पाजला.’

‘आणि उताऱ्यावर नावं कोणाची होती?’

काकांनी सनद लाल कापडात गुंडाळायला घेतली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे उतारे तपासले, तो स्वतःचा बघून आला होता आणि त्याने ते वीसेक वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. दर पाडव्याला तोच कागद हातात धरून ते तेच पाठ म्हणत आले होते. मला त्यांची दया आली. पण मी कागद मागे घेतला नाही, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

‘नाना, पेन द्या,’ बाबा म्हणाले.

आणि काकांनी पेन दिलं. टोपण काढून दिलं. सही करणाऱ्याला पेन देणं त्यांच्या हाताच्या इतकं सवयीचं होतं, की मन नाही म्हणायच्या आत हात पुढे झाला असावा. बाबांनी सही केली. मग आई स्वयंपाकघरातून आली, पदराला हात पुसले आणि कोणाकडे न बघता बाबांच्या नावाशेजारी सही केली. त्या घरातल्या कुठल्याही कागदावर तिची सही कोणी मागितली नव्हती. श्रीखंड सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. आंबट होतं, पण त्या दिवशी तसं म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

बारा दिवसांनी उत्तर आलं. शिकण्याचा, राहण्याचा, जेवणाचा, पुस्तकांचा, सगळा खर्च कॉलेज करणार होतं. तिकीट तेवढं आमचं. मी ते तीनदा वाचलं आणि मशीन चालवणाऱ्या आईच्या पाठीला मिठी मारली, तेव्हा शेटजींच्या एका साडीचा पिको वाकडा गेला.

दुसऱ्या दिवशी नानाकाका आमचा जिना चढून आले. ते सहसा येत नसत, आम्हीच त्यांच्याकडे जायचो. बसायला जागा नव्हती म्हणून साड्यांच्या गठ्ठ्यावर बसले. पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘मी बँकेत जाऊन आलो. माझं घर गहाण ठेवतो. तू त्या मोठ्या कॉलेजला हो म्हण.’

ते घर सनदेतलं नव्हतं. ते त्यांनी नोकरीच्या पैशांतून, एकेक खोली करत बांधलं होतं. मला रडू फुटलं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन दिवस माझं मन डळमळलं. ते मोठं नाव मला हवं होतं. ते नाव छापलेला स्वेटर घालून मी नई सडकेवरून चालते आहे, असं मी कितीदा तरी मनात बघितलं होतं. काकांचं कर्ज मी फेडेन, चार वर्षांत फेडेन, असं मी स्वतःला पटवत होते. मग पुन्हा ती दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचली. मोठ्या कॉलेजने अडीच गावांच्या मालकिणीला बोलावलं होतं. ती कोण होती, मला माहीत नाही. मक्यातल्या त्या बाईंनी मला विचारलं होतं, पोरी, खरं काय आहे? आणि खरं कळल्यावर म्हटलं होतं, ये.

मी काकांकडे जाऊन सांगितलं, ‘मला तुमचं घर नको. मी लहान कॉलेजला हो म्हटलं आहे.’

‘हट्ट करते आहेस तू.’

‘हो. हट्टच आहे.’

‘अगं पण लोकांना काय सांगायचं?’ ते जवळजवळ काकुळतीला येऊन म्हणाले. ‘मी मोठ्याचं नाव सांगून बसलो आहे सगळीकडे.’

‘सांगा, की पैसे नव्हते, म्हणून ज्यांनी दिले त्यांच्याकडे गेली.’

‘हे माझ्या तोंडून निघणार नाही,’ काका म्हणाले. आणि ते खरंच कधी निघालं नाही. शेवटपर्यंत ते ‘अनू अमेरिकेत आहे’ एवढंच म्हणायचे आणि विषय हवापाण्यावर न्यायचे.

त्या आठवड्यात काकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. लष्करातल्या सगळ्या मराठी बायका आल्या होत्या, खोलीभर मोगऱ्याचा वास, पन्ह्याचे पेले फिरत होते. बाहेरच्या खोलीत काका वर्तमानपत्र उघडून बसले होते, म्हणजे ऐकत बसले होते. एका शेजारणीने मला हाक मारलीच. ‘काय गं अनू, तुझा नंबर म्हणे त्या मोठ्या कॉलेजमध्ये लागला? नाना भाऊजी सांगत होते. मग जाऊन राहिली का तू?’ मी तोंड उघडलं, पण आई माझ्या आधी बोलली. बायकांमध्ये ती नेहमी कोपऱ्यात बसायची, बहुतेक जणींच्या साड्या तिच्या हाताखालून गेलेल्या असल्यामुळे तिला तिथे कारागीर असल्यासारखं वाटायचं. तिने कॉलेजचं नाव सांगितलं, अख्खं, एकेक अक्षर सुटं करून. मशीनवर बसून तिने ते घोकलं असणार, मला पत्ताच नव्हता.

‘कोणतं म्हणालात?’ त्या शेजारणीने विचारलं.

आईने ते पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने, बाहेरच्या खोलीत जाईल इतक्या मोठ्याने. ‘मोठं नाही आहे. लहान आहे, तुम्ही ऐकलं नसेल. पूर्ण खर्च तेच देणार. आमच्याकडे नव्हते पैसे, तसं लिहून दिलं आम्ही. खाली माझी पण सही आहे.’ आणि तिने हातातली वाटी काकूंपुढे केली. ‘वहिनी, आंबेडाळ वाढा न अजून थोडी. आज छान झाली आहे.’